थर्झाबाईंची पेटी आणि लँटीची भिंत

थर्झा आयव्हसन बाईंची आणि माझी ओळख कशी झाली, हे प्रथम नमूद करतो. रेव्हनगिल गावाच्या दोन टोकांना आम्ही दोघांनी जन्म काढला. नावे आणि चेहरे परस्परांना पाठ होते, आणि वर्षातून एकदा मी त्यांचे धुराडे साफ करीत असे. परंतु त्याला मी ओळख म्हणत नाही. खरी ओळख झाली ती माझ्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, चॅपेलच्या मागच्या खोलीत. त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. मी ती ब्रशाच्या दांड्यासारखी धरली, तेव्हा त्यांनी माझी बोटे एकेक करून सोडवली आणि पुन्हा नीट बसवली.

माझे नाव सेप गार्थवेट. हिवाळ्याआधी धुराडी झाडणे आणि उन्हाळ्यात कुरणांची दगडी कुंपणे रचणे हा माझा धंदा. मला वाचता येत नव्हते, आणि ही गोष्ट माझी पत्नी ॲनिस हिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. धुराडे झाडले की घरमालकाला तसा कागद द्यावा लागतो; विमेवाले तो मागतात. ते कागद ॲनिस लिहीत असे. ती वारली त्या वर्षी मी अकरा घरांना कागद दिला नाही. बारावे घर थर्झाबाईंचे होते. त्यांनी कागद मागितला आणि मी खिसे चाचपू लागलो.

“सेप, त्या खिशात काही नाही, आणि ते तुलाही माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “ॲनिसचं अक्षर मी ओळखत होते. मंगळवारी चार वाजता चॅपेलमध्ये ये. हात धुऊन ये.”

मी हात धुऊन गेलो, आणि तेव्हापासून त्यांना बाई म्हणू लागलो.

बाई मोठ्या हवेलीत एकतीस वर्षे स्वयंपाकीण होत्या. अंगाने लहान, पाठीने ताठ. कुणाचे चुकले तर त्या आवाज चढवीत नसत, फक्त थांबत, आणि तेच जास्त लागे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही लाकडे स्वतः फोडत. गावात त्यांना मान होता. लळा कुणी लावून घेतला नव्हता. याचे कारण सांगण्यासाठी मला एकोणीस वर्षे मागे जावे लागेल.

बाईंचे पती जॉस आयव्हसन मेंढपाळ होते. त्यांचा ग्लेन नावाचा काळा-पांढरा कुत्रा होता. त्यांच्या घराला जोडूनच, एकाच छपराखाली, लँटी हार्कर राहत असे. तोही मेंढपाळ, आणि त्याचा कुत्रा रॉय. त्या शरद ऋतूत कुणाचा तरी कुत्रा पहाटे कुरणात शिरून मेंढ्या फाडत होता. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे मेंढपाळांचा मेळावा भरतो. भरकटलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत केल्या जातात, आणि मग खानावळीच्या मोठ्या खोलीत जेवण होते. त्या मेळाव्यात उभे राहून जो बोलेल, त्याचा शब्द आमच्याकडे खोडत नाहीत. तसे केले तर उद्या कुणाची मेंढी कुणाची, हेच ठरणार नाही. त्या वर्षी लँटी उभा राहिला आणि म्हणाला, “पहाटे वरच्या कुरणात ग्लेनला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

मेंढीला तोंड लावलेला कुत्रा आमच्याकडे ठेवत नाहीत, आणि त्याला दुसऱ्याच्या हातून मारवतही नाहीत. दुसऱ्या दिवशी जॉस ग्लेनला गोठ्यामागे घेऊन गेले. “बस” म्हणाले. ग्लेन बसला. तो सांगितलेले ऐकणारा कुत्रा होता.

पुढच्या वसंतात त्याच कुरणात तीन कोकरे फाडलेली सापडली. त्याच आठवड्यात लँटीचा रॉय दिसेनासा झाला. लँटी म्हणाला, पलीकडच्या खोऱ्यात विकला. मी त्या दिवसांत लँटीच्या धुराड्यातले पक्ष्याचे घरटे झाडायला गेलो होतो. त्याच्या गोठ्याजवळच्या झुडपाखाली उकरलेली ओली माती आणि तिच्यावर ठेवलेला सपाट दगड मी पाहिला. ब्रश बांधला आणि घरी गेलो. जॉसनीही तो दगड पाहिला होता. त्यांनी पुन्हा कुत्रा पाळला नाही. साठी उलटलेला तो माणूस मेंढ्या वळवायला स्वतः डोंगर चढे, आणि सवयीने शीळ घाली. ती ऐकून येणारे कुणी नव्हते. दुसऱ्या हिवाळ्यात ते वारले.

आमच्या खोऱ्यात जे सर्वांना ठाऊक असते, ते कुणी बोलत नाही. मीही बोललो नाही. हे मी येथे लिहून ठेवतो, कारण बाईंचे चरित्र सांगताना स्वतःला वगळणे योग्य होणार नाही.

बाई लँटीशी एकोणीस वर्षांत एक शब्द बोलल्या नाहीत. दारात समोरासमोर आले तर त्या दाराकडे पाहत. त्यांना एकच गोष्ट हवी होती: जिथे खोटे बोलला, त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर लँटीने खरे बोलावे. ती कशी मिळवावी हे त्यांना कळत नव्हते. ते साधन माझ्या मूर्खपणाने त्यांच्या हाती आले.

लँटीने आपली शेकोटी केव्हाच फळीने बंद केली होती आणि विजेचा एक छोटा हीटर घेतला होता. एका सप्टेंबरात त्याच्या बंद धुराड्यात डोमकावळा पडला आणि फडफडू लागला, म्हणून त्याने मला बोलावले. मी फळी काढली, पक्षी बाहेर काढला, आणि काजळी पाहायला आतल्या दगडावर हात ठेवला. दगड गाईच्या कुशीसारखा ऊबदार होता. दोन्ही घरांच्या शेकोट्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या होत्या, आणि त्या ठिकाणी भिंत अवघ्या एका दगडाची होती. लँटीने आपली खाट तिथेच लावली होती.

“सेप्या, हीटर कशाला लावतोय मी?” लँटी हसून म्हणाला. “ती पलीकडे ओंडके जाळते आणि माझी पाठ शेकते. गुडघे चालतात ते तिच्यामुळे. एक शब्द बोलत नाही बया, पण ऊब देते!”

मला ते विनोदी वाटले. मंगळवारी धडा संपल्यावर मी ते बाईंना विनोद म्हणूनच सांगितले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप बशीत ठेवला. “किती वर्षं?” त्यांनी विचारले.

“फळी लावल्यापासून असेल. बारा-तेरा वर्षं.”

“बारा-तेरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “मी लाकडं फोडते. मी वाहून आणते. आणि तो शेकतो.” मग म्हणाल्या, “आज एवढंच पुरे, सेप. घरी जा.”

पुढच्या मंगळवारी त्यांनी माझे वाचनाचे पुस्तक बाजूला सारले आणि माझ्यासमोर एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली. बाजारच्या गावातील शेकोट्यांच्या दुकानातून ती त्यांनी मागवली होती.

“आजपासून हे वाचायचं.”

“बाई, हे कठीण आहे.”

“तुझ्या धंद्याचं आहे. ससा आणि बेडूक वाचून तुला काय मिळणार?”

त्या पुस्तिकेत एक पेटी होती. उघड्या शेकोटीच्या कोनाड्यात बसवायची दुहेरी पत्र्याची पेटी. तिचे नाव कन्व्हेक्टर असे छापलेले होते. आम्ही नुसते पेटी म्हणत असू. मी बोट ठेवून वाचले, आणि माझ्या आयुष्यात पूर्ण वाचलेले ते पहिले वाक्य होय: “थंड हवा खालून आत येते, मागच्या पोकळीत तापते, आणि वरच्या फटीतून खोलीत परत येते.” हे वाचायला मला सुमारे दहा मिनिटे लागली. बाई थांबून राहिल्या.

“पुन्हा वाच. कुठे परत येते?”

“खोलीत.”

“कुणाच्या?”

“पुस्तिकेत तसं लिहिलेलं नाही, बाई.”

“मी सांगते. माझ्या.”

मी धुराडी झाडणारा माणूस. मला प्रामाणिक सल्ला द्यावासा वाटला. म्हणालो की, बाई, काचेच्या दाराची बंद भट्टी घ्या. निम्म्या लाकडात दुप्पट ऊब मिळते, आणि तुम्हाला लाकडे कमी फोडावी लागतील. त्यांनी मान हलवली.

“काच लावली की आवाज आत राहतो. मला उघडी हवी. ओंडके तडतडलेले त्याला ऐकू गेले पाहिजेत. ऐकू जावेत, पण लागू नयेत.”

त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिले आणि मला कळले की मी काय सांगून बसलो आहे. परंतु मी त्यांना अडवले नाही. गोठ्याजवळचा सपाट दगड मला आठवत होता.

पुढचा धडा त्यांच्या घरी, शेकोटीसमोर गुडघ्यांवर बसून झाला. मी मापे घेतली आणि ती स्वतः कागदावर लिहिली. हे माझे पहिले लेखन. कोनाड्याची रुंदी तीस इंच. धुराडे नऊ बाय नऊ. मोठी, तीस इंची पेटी घ्यावी, कोनाडा भरून टाकावा, असे बाईंच्या मनात होते. मी पुस्तिकेतील तक्ता काढला. तिथे लिहिले होते की धुराड्याचे तोंड शेकोटीच्या तोंडाच्या सातव्या हिश्शाहून लहान असू नये. असले तर धूर खोलीत येतो. आम्ही दोघांनी मिळून गुणाकार केला. तीस इंची पेटी त्या धुराड्याला झेपत नव्हती. चोवीस इंची झेपत होती.

“थोडा धूर आला तर आला,” बाई म्हणाल्या.

“नाही बाई. दुसऱ्याला गारठवायला निघालेल्याने स्वतःच्या डोळ्यांत धूर घेऊ नये. आणि तो धूर माणूस मारतो. तुम्ही आत, आणि तो पलीकडे ऐकत बसेल.”

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवले. “लहान पेटी बसवली तर मागे आणि बाजूंना जागा जास्त उरेल ना?”

“उरेल. तीन-तीन इंच बाजूंना. मागे आठेक.”

“ती कशाने भरतात?”

“काहीजण दगडचुऱ्याने भरतात. पण दगड ऊब ओढून घेतो. भाजून फुगवलेले हलके खडे मिळतात, सिमेंटमध्ये कालवून भरायचे. त्यातून ऊब पलीकडे जात नाही.”

“मग लहानच,” बाई म्हणाल्या. “आणि ते खडे भरपूर.”

दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो. विक्रेता तरुण आणि सालस होता. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि तो पेट्यांच्या मधून आम्हाला फिरवू लागला.

“आजी, ही पाहा, पुढे पितळी कड. पाहुण्यांना फार आवडते.”

“मला पाहुणे नाहीत. मागची बाजू किती तापते?”

“मागची?” तो हसला. “मागे कुणी बसत नाही, आजी.”

“बसतं,” बाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी माझी टोपी पाहत होतो.

“बरं, मागची बाजू... दुहेरी पत्रा आहे. तापते, पण मधल्या हवेने ऊब पुढे ढकलली जाते. मागे चांगलं भरलंत तर तिथे लोणी ठेवलं तरी वितळणार नाही.”

“हे लिहून द्याल?”

“लोण्याचं?”

“लोण्याचं.”

त्याने दुकानाच्या कागदावर खरोखर लिहून दिले, आणि परतीच्या बसमध्ये बाईंनी ते मला वाचायला लावले. ‘लोणी’ हा शब्द मी न अडखळता वाचला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पेटी बसवली. दुकानाचे दोन कारागीर आले होते. मी वर धुराड्याशी होतो. खडे कालवून भरण्याचे काम बाईंनी कुणाला करू दिले नाही. हवेलीत मोठ्या पातेल्यात पुडिंग भरीत असत त्याच हाताने, कोपऱ्याकोपऱ्यात दाबून, त्यांनी ते भरले. कारागिरांपैकी एक म्हणाला, “बाई, एवढं ठासायची गरज नाही.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला नसेल.”

चार दिवसांनी त्यात पहिली आग पेटवली. वरच्या फटीपुढे मी हात धरला, आणि ऊब माझ्या बाहीत शिरली. बाई आपल्या खुर्चीत बसल्या. ॲश झाडाचा ओंडका मोठ्याने तडकला. त्या ऐकत होत्या. तो पलीकडे कसा ऐकू जात असेल, याचा अंदाज त्या घेत होत्या, हे मला दिसत होते.

“आता तो येईल,” त्या म्हणाल्या. “गुडघे दुखले की येईल. मग मी माझी किंमत सांगीन.”

पहिला कडक गारठा दोन दिवसांनी पडला, आणि त्या दिवशी मंगळवार होता. चॅपेलच्या खोलीतला नळ गोठल्यामुळे धडा बाईंच्या घरी होता. साडेचारच्या सुमारास दार कुणीतरी मुठीने बडवू लागले.

“थर्झा! अगं थर्झा! आहेस का?”

दार उघडले तर लँटी. अंगात कोट नाही, पायात घरातले जोडे, आणि ते बर्फाने भिजलेले. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कुऱ्हाड. बाईंना पाहून त्याचा चेहरा असा झाला की मी खुर्चीवरून उठलो.

“भिंत गार पडली,” तो म्हणाला. “कारागीर गेले, तरी गारच. थंडी एवढी आणि तुझी भिंत गार. तडतड ऐकू आली, पण म्हटलं माझे कानच वाजतात. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“पडलीस कुठं. किंवा गेलीस. दार फोडायला आणली ही.” त्याने कुऱ्हाड दाखवली आणि ती दाराशी ठेवली.

बाई याला तयार नव्हत्या. त्यांनी सगळे योजले होते. तो कण्हत येईल, विनवत येईल, रागावून येईल. त्या जिवंत आहेत का हे पाहायला तो येईल, ते त्यांच्या हिशोबात नव्हते. क्षणभर त्यांनी दाराची चौकट धरली.

“आत ये,” त्या म्हणाल्या. “दार लाव. ऊब जाते.”

आमच्या खोऱ्यात शत्रूलाही चहा चुकत नाही. बाईंनी त्याला चहा दिला आणि ओट-काकवीचा केकही दिला. तो शेकोटीपुढे बसला आणि पेटीकडे पाहू लागला. ओंडका एका बाजूला घसरला होता. लँटीने जुन्या सवयीने वाकून लोखंडी सळई उचलली आणि तो ओंडका सारायला निघाला.

“ठेव ती खाली,” बाई म्हणाल्या.

आमच्याकडे रीत अशी आहे की, सात वर्षांची ओळख असल्याखेरीज दुसऱ्याच्या घरातली आग ढोसू नये. लँटीला ती ठाऊक होती.

“चाळीस वर्षं शेजारी राहतोय आपण, थर्झा.”

“शेजारी राहतोस. ओळख नाही. मी ज्याला ओळखत होते, तो माझ्या नवऱ्याबरोबर जेवायचा. तू कोण, मला ठाऊक नाही.”

लँटीने सळई ठेवली.

“वरच्या कुरणात कुणाचा कुत्रा होता, लँटी?”

“आता काय त्याचं? जॉस गेला. कुत्रेही गेले.”

“कुणाचा?”

त्याने माझ्याकडे पाहिले, जणू मी त्याला सोडवीन. मी माझ्या धड्याच्या कागदाकडे पाहिले.

“माझा,” तो म्हणाला. “रॉय होता. पहाटे अंधुक होतं, पण मला कळलं होतं. तो एकच होता माझ्याकडे, थर्झा. दुसरा घ्यायची ऐपत नव्हती.”

“जॉसकडेही एकच होता.”

तो रडू लागला. मी तोपर्यंत लँटी हार्करला रडताना पाहिले नव्हते. बाईंनी त्याला थांबू दिले. नंतर, धड्यात चूक झाली असता बोलत त्याच स्वरात त्या बोलल्या.

“हे मला सांगून उपयोग नाही. मला ठाऊक होतं. जिथे बोललास तिथे बोल. तिसऱ्या शनिवारी मेळावा आहे. उभा राहा आणि सांग. सांगितलंस तर त्या खुर्चीवर रोज संध्याकाळी येऊन बस, मी मरेपर्यंत. भिंतीतून नको, समोरूनच शेक. नाही सांगितलंस तर ती भिंत अशीच राहील. मागे काय भरलंय ते सेपला विचार.”

“सांगेन,” लँटी म्हणाला. जाताना तो कुऱ्हाड तिथेच विसरला. ती अजून माझ्याकडे आहे.

मेळाव्याला सुमारे साठ माणसे होती. भरकटलेल्या मेंढ्या वाटून झाल्या, मटण आणि लोणच्यातला लाल कोबी खाऊन झाला, आणि अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारले, “कुणाला काही सांगायचं आहे?” लँटी उभा राहिला. मला असे वाटते की सर्वांना कळले होते. अगदी म्हाताऱ्यांनीही हातातले पेले टेबलावर ठेवले. लँटीच्या हातात टोपी होती, आणि तो ती फिरवत होता.

“माझी एक... माझी एक मेंढी अजून सापडली नाही,” तो म्हणाला. “डाव्या कुशीवर लाल खूण.”

तो खाली बसला. अध्यक्षांनी वहीत लाल खूण लिहून घेतली. मी त्याच्यापासून तीन खुर्च्यांवर होतो. मी उभा राहू शकलो असतो. राहिलो नाही.

बाई घरी जाग्या होत्या. समोर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी झाले ते सांगितले.

“किती वेळ उभा होता?” त्यांनी विचारले.

“घोटभर पाणी प्यायला लागतं तेवढा.”

“माझा कुत्रा होता,” बाई बोटांवर मोजून म्हणाल्या. “तीन शब्द. तेवढ्यात बसतात.” मग उठून त्यांनी दुसरी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आगीवर मोठ्यात मोठा ओंडका घातला.

त्या हिवाळ्यात त्यांनी जेवढी लाकडे जाळली तेवढी कधी जाळली नव्हती. खोली एवढी तापे की मला धड्याला बसताना कोट काढावा लागे. पलीकडून कधी खोकला ऐकू येई, आणि मग बाई सळईने ओंडका हलवून तो तडतडवीत. मी एकदा म्हणालो, “बाई, तो ऐंशीचा आहे.” त्या म्हणाल्या, “ग्लेन पाच वर्षांचा होता. पुढचा शब्द वाच.”

नाताळाच्या आधी लँटीची पुतणी मोटार घेऊन आली आणि त्याला बाजारच्या गावी घेऊन गेली. तिच्या घरात प्रत्येक खोलीत भिंतीला गरम पाण्याच्या नळ्या आहेत. हे मी बाईंना सांगितले.

“म्हणजे तो आता सगळीकडून शेकला जातोय,” त्या म्हणाल्या. त्यांना आलेला तो राग मी विसरणार नाही. त्या दिवशी त्यांनी आग पेटवली नाही. पेटवून ऐकवायचे कुणाला?

पुढच्या शरद ऋतूत लँटी वारला. त्याचे शेवटचे कार्य आमच्या चॅपेलमध्ये झाले, आणि दाराशी छापील पत्रिका वाटल्या. मंगळवारी बाईंनी ती पत्रिका माझ्यापुढे ठेवली. तोपर्यंत मला बऱ्यापैकी वाचता येत होते. मी वाचले: “लॅन्सलॉट हार्कर, प्रामाणिक मेंढपाळ. ज्याचा शब्द या खोऱ्यात कधी कुणी खोडला नाही.”

“पुन्हा वाच,” बाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचले.

“छापलं,” त्या म्हणाल्या. “त्याचं खोटं छापून झालं, आणि ग्लेनचं खरं कुणाच्या तोंडातही नाही.” त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि त्या हसतही होत्या; ते हसू बरे नव्हते. “ज्याला तोंड उघडता आलं नाही त्याचं नाव कागदावर राहतं, सेप. कारण कागद लिहिणारे लोक त्याच्या बाजूला होते.”

मी एवढेच म्हणालो की, त्या मेळाव्यात मीही होतो, आणि तो सपाट दगड मीही पाहिला होता. एवढ्या वर्षांत मी हे प्रथमच बोललो. मला वाटले, त्या मला घराबाहेर काढतील.

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “रॉय नाहीसा झाला त्या आठवड्यात तू त्याच्याकडे ब्रश घेऊन गेला होतास. पहिल्या मंगळवारी तुझे हात बघितले तेव्हाच मला आठवलं.”

“तरी मला शिकवलंत?”

त्यांनी पत्रिकेची घडी घालून ती आगीत टाकली, सळईने खाली दाबली, आणि मग ती सळई मूठ पुढे करून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि आग ढोसली. आमच्या धड्यांना त्या वेळी तीनच वर्षे झाली होती.

बाई गेल्या फेब्रुवारीत वारल्या. घर त्यांच्या भाच्याकडे गेले आहे. पेटी उत्तम चालते. मी तिचे धुराडे झाडले आणि तसा कागद माझ्या हाताने लिहून दिला. पलीकडच्या अर्ध्या घरात आता शहरातले एक जोडपे राहते. ते विचारत होते की ती मधली भिंत एवढी गार का. मी म्हणालो, सांगेन कधीतरी, मोठी गोष्ट आहे.

ती गोष्ट हीच. हा कागद मी येत्या नोव्हेंबरात मेळाव्यात, अध्यक्षांनी विचारल्यावर, उभा राहून वाचणार आहे. लँटीच्या पुतणीला तसे आधी कळवले आहे. तिने वाचू नका म्हटले. मी वाचणार म्हटले. माझे अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते. आणि मला हे कुणी सांगितले म्हणाल, तर पत्रिका जळाली त्या मंगळवारी, मी कोट घालून दाराशी पोहोचलो असताना, बाई आगीकडे पाहत म्हणाल्या होत्या:

“सेप, नीट लिहिता यायला लागलं की एवढं लिही. ग्लेनने मेंढीला तोंड लावलं नव्हतं.”